उशिरा येणाऱ्यांचा फळा

प्रिय विजे,

शिस्त नाही म्हणे पोरीला! सातवीतली एवढीशी पोर, आणि तिच्यामुळे म्हणे अख्खी शाळा बिघडायला निघाली. आज सकाळी ऑफिसात सगळ्या शिक्षकांसमोर तू हे बोललीस तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि वर तू मलाच म्हणालीस, मावशी, चहा गार आहे. गार होणारच. तुझं भाषण संपेपर्यंत उकळत राहायला तो काय बंबावर ठेवला होता? मी कप उचलले, चहा पुन्हा तापवून आणला, बशा पुसल्या. पण माझं डोकं तापलंय ते काही खाली येईना, म्हणून इथं खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांवर बसून हे लिहितेय. फोन केला तर मीटिंगमध्ये आहे म्हणून तू बंद करतेस. समोर येऊन बोलावं तर दारात कुणीतरी असतंच, आणि कुणी असलं की मला तुला ‘अहो बाई’ म्हणावं लागतं. अहो-जाहो करत भांडता येत नाही मला. तेव्हा शाळेत तू मुख्याध्यापिका विजयमाला बाई असशील, पत्रात तू विजीच. राग आला तर येऊ दे. चौथी पास बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस, वाच.

जूनमध्ये गेटजवळ तो फळा तू लावलास. वर ठळक अक्षरात ‘आज उशिरा आलेले’. साडेदहाची घंटा मी द्यायची, दहा मिनिटांनी गेट मी लावायचं, बाहेर राहिलेल्या पोरांची नावं हिंदुराव सरांनी फळ्यावर लिहायची, आणि त्या पोरांनी मधल्या सुट्टीपर्यंत मैदानात उन्हात उभं राहायचं. शिक्षण मंडळाच्या साहेबांनी कौतुक केलं म्हणून तू पेढे वाटलेस. त्या फळ्यावर मुक्ताचं नाव एका महिन्यात अकरा वेळा लागलं. का लागलं, हे तू एकदा तरी विचारलंस का? तिचा बाप भैरू बिल्डरच्या साइटवर रात्रपाळीचा वॉचमन, सकाळी येऊन आडवा होतो. आई मंडईच्या बाहेर पालेभाजी घेऊन बसते. पोरगी पहाटेच्या बसने आईबरोबर गाठोडी घेऊन जाते, जुड्या लावून देते आणि उलट्या बसने शाळेला येते. बस वेळेवर तर पोरगी वेळेवर. आता आपल्या रस्त्याच्या बसचं तुला माहीतच आहे. नाही, तुला कसं माहीत असणार, तू स्कूटरवर येतेस.

आणि कुणाकुणाला शिस्त लागते तुझ्या शाळेत, ते पण बघते मी. जयसिंगच्या आठवीतल्या नातवाने बाक मोडला, नळाची तोटी काढून नेली, सुनीती बाईंच्या पाठीमागे शिट्टी वाजवली. त्याचं काय केलंस? त्याच्या आजोबाला बोलावलंस, खुर्ची दिलीस, आणि चहा मीच आणून दिला. जयसिंगने जमीन विकून बंगला बांधला, शाळेला पाण्याचा कूलर दिला, मग त्याचा नातू खोडकर. मुक्ताची आई फुटपाथवर बसते, मग मुक्ता बेशिस्त. अशी ही तुझी शिस्त, माणूस बघून वाकणारी. अगं, वेताची छडीसुद्धा एवढी वाकत नव्हती.

गेल्या गुरुवारचं तेवढं तुझ्या मनाला लागलं. लागणारच. दोनची मधली सुट्टी झाली आणि फळ्यावर नवी यादी दिसायला लागली. हिंदुराव सर, वर्गावर बारा मिनिटं उशिरा. सुनीती बाई, नऊ मिनिटं. यज्ञेश्वर सर, पंधरा मिनिटं. आणि सगळ्यात खाली, मुख्याध्यापिका विजयमाला बाई, पाऊण तास. पोरं ही गर्दी करून वाचत होती. तुम्ही सगळे स्टाफरूममध्ये डबे उघडून बसला होता, म्हणून तासभर कुणाला पत्ता नाही. तीनला मंडळाचे साहेब आले, त्यांना घ्यायला तू गेटपर्यंत गेलीस, आणि दोघांनी मिळूनच तो फळा वाचला. साहेब हसले. वा, वा, तुमच्याकडे सगळ्यांना सारखा नियम दिसतोय, म्हणाले. तू पण हसलीस, पण मी तुला लहानपणापासून ओळखते, तुझ्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या.

मग साहेब गेल्यावर चौकशी. मुक्ताच्या हातात खडू कुणीतरी पाहिला होता. यज्ञेश्वर सर म्हणाले, पोरीने पंधरा लिहिलीत, मला तर वीस वाटली होती, उपकारच झाले. सुनीती बाई म्हणाल्या, खोटं तर काही लिहिलं नाही ना. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं असतं. तूच म्हणालीस, शिक्षकांचं सोडा एक वेळ, पण मुख्याध्यापिकेचं नाव लिहिण्यापर्यंत मजल गेली, ही मुलगी आता इथं नको. म्हणजे सगळं त्या शेवटच्या ओळीवर आलं. मुक्ताला समोर उभी केलीस. तू लिहिलंस? हो. सगळं तूच लिहिलंस? पोरीने एकदा दाराकडे पाहिलं. दारात मी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. मग मान खाली घालून म्हणाली, हो बाई, सगळं. माफी माग म्हणालीस, तर तिने मागितली, पाया पण पडली. तरी शुक्रवार-शनिवार तिला ऑफिसच्या दाराशी उभी ठेवलीस. येणारी-जाणारी पोरं तिच्याकडे बघून हसत होती, आणि मी त्यांना हाकलत होते.

तुला खरंच काही आठवलं नाही का गं? त्या फळ्यापुढे उभं राहून तुला आपले दिगंबर गुरुजी आठवले नाहीत? तेव्हा हे गाव होतं, महापालिका-बिलिका इकडे कुणाला माहीत नव्हती. मारुतीच्या देवळाला लागून आपली शाळा, एक खोली आणि चार इयत्ता. गुरुजी पलीकडच्या काठाने सायकलवर यायचे. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की खालचा पूल बुडायचा, मग त्यांना लांबून वळसा. उशीर झाला की सायकल लिंबाला टेकवायचे, धोतराने पाय पुसायचे, आणि आधी फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायचे. दिगंबर, वीस मिनिटे. त्यांचा नियमच होता, उशिरा येईल त्याने सुट्टी होईपर्यंत बसायचं नाही. पोरगा असो नाहीतर गुरुजी. एकदा त्यांचा पाय सुजलेला होता, तरी खुर्चीला हात लावला नाही, उभ्यानेच पाढे घेतले. तेव्हा रडलं कोण? तू रडलीस. गुरुजी, बसा ना, बसा ना, म्हणून तू भोकाड पसरलंस, आणि ते म्हणाले, आप्पासाहेबांच्या पोरी, आज मी बसलो तर उद्या तुला कुठल्या तोंडाने उभी करू? त्या गुरुजींनी कधी कुणाला हात लावला नाही, आणि त्यांच्या वर्गात एक पोरगं उशिरा येत नव्हतं. त्यांच्याकडे शिकून तू बाई झालीस. फळा तेवढा उचललास, त्यावरचं गुरुजींचं नाव पुसून टाकलंस.

ही गोष्ट मुक्ताला मीच सांगितली होती. खिचडी वाढताना एकदा तिने विचारलं, मावशी, सर पण उशिरा येतात, मग त्यांचं नाव कोण लिहितं? मला हसू आलं. म्हटलं, आमच्या वेळी गुरुजी स्वतः लिहायचे. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच? स्वतः? उभे पण राहायचे? त्यानंतर ती रोज मला वेळा विचारायची. घंटा माझ्या हातात, घड्याळ माझ्या डोक्यावर, कोण किती वाजता वर्गावर जातं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? मी सांगत गेले. घे, एवढं कबूल करते. अजून थांब, पत्र संपलेलं नाही.

आता त्या कागदाचं. आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही असा कायदा आहे, हे तूच पालकांच्या सभेत माइक हातात घेऊन सांगितलंस, टाळ्या घेतल्यास. मग पोरगी काढायची कशी? आईनेच काढून नेली असं दाखवायचं. काल मंगळवारी तू स्वतःच्या हाताने अर्ज लिहिलास, पाकिटात घातलास आणि मला म्हणालीस, मावशी, हमीपत्र आहे, मुक्ताच्या आईची सही घेऊन या, तुमचं ती ऐकेल. बरोबर ओळखलंस. माझं ती ऐकतेच. तिला ‘क’ काढायला मी शिकवलंय, या पोत्यांवर बसून, पोरीचं नाव शाळेत घालताना अंगठा नको म्हणाली म्हणून. तेवढी एक सही येते तिला.

मी मंडईत गेले. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसली होती. मला बघून उठली, मला बसायला पोतं झटकून दिलं. पोरीचं काय झालं हो मावशी, दोन दिवस जेवत नाही, विचारलं तर सांगत नाही. मी म्हटलं, काही नाही गं, फळ्यावर काहीबाही लिहिलं तिने, हमीचा कागद आहे, पोरगी परत असं करणार नाही म्हणून लिहून द्यायचं, कर सही. तिने विचारलं, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवता? मी म्हटलं, चष्मा नाही आणला. चष्मा माझ्या पदराला बांधलेला होता, विजे. तिने हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, कागद ओला होऊ नये म्हणून मांडीवर पाट घेतला, आणि एकेक अक्षर दाबून सही केली. वर मला मेथीची एक जुडी दिली, घेऊन जा, तुमच्यामुळे पोरगी शाळेत आहे म्हणाली. ती जुडी घरी तशीच पडलीय. निवडायला हात धजत नाही.

कारण मी बसमध्येच पाकीट उघडलं होतं. जाताना, येताना नाही. मला वाचता येतं, उशीर लागतो पण येतं. ‘घरगुती अडचणीमुळे माझी मुलगी स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहे, माझी कोणतीही तक्रार नाही.’ सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि तरी खाली उतरले, आणि तरी सही घेतली. तेव्हा तू खोटं बोललीस आणि मी भोळी होते, असं काही मी म्हणणार नाही. खोटं लिहिलंस तू, आणि बोलले मी. आता शनिवारी सकाळच्या शाळेला तू तिच्या आईला बोलावलंयस. तिला वाटतंय पोरीला माफ केलं हे सांगायला बोलावलंय. ती धंदा बंद ठेवून येणार, आणि तू तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवणार. त्यावर कारण लिहिलेलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. जवळ दुसरी शाळा नाही. पोरगी मग दिवसभर मंडईत बसेल आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं लग्न लावतील. आपल्याला नवीन आहे का हे? चौथीनंतर तुला आप्पासाहेबांनी पुण्याला वसतिगृहात ठेवलं, आणि मला आईने शेण थापायला लावलं. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही. आज पण लावत नाही. पण तुझ्या हाताने दुसरी मथुरा व्हायला नको होती.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते ऐक. इतकी पानं रागाने भरली, आणि निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. त्या गुरुवारी मुक्ताने तीन नावं लिहिली आणि खडू खाली ठेवला. मी म्हटलं, आणि बाईंचं? पाऊण तास झाला आज त्यांना. तर ती म्हणाली, नको मावशी, बाईंचं नको, त्या मोठ्या आहेत, आणि त्यांना घरी काही असेल. बघ, तुझ्या बाजूने बोलणारी ती एकटीच होती. आणि मी? त्याच आठवड्यात सोमवारी बस आली नाही म्हणून मला उशीर झाला होता. तू सगळ्यांसमोर हजेरीपटावर लाल शाईने खूण केलीस आणि म्हणालीस, मावशी, तुमचंही नाव फळ्यावर लिहायचं का आता? हिंदुराव सर हसले. तू पण हसलीस. तीस वर्षं मी ती घंटा देतेय. ते हसू माझ्या पोटात होतं. मी पोरीच्या पुढ्यातला खडू उचलला आणि ती शेवटची ओळ मी लिहिली. मुक्ताने नाही, मी. ज्या ओळीसाठी तू तिला शाळेबाहेर काढतेस ती ओळ माझ्या हातची आहे. शिस्त पोरीलाच होती, नव्हती ती मला. आणि ऑफिसात तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी तांब्या घट्ट धरून गप्प उभी राहिले, कारण निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. नंतर तिने मला काय सांगितलं माहीत आहे? मावशी, तुमची नोकरी गेली असती, मला काय, मला नुसतं उभंच करतील. बारा वर्षांची पोर.

तेव्हा तो अर्ज आणि तो दाखला तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, ते फाड. मुक्ता शनिवारी साडेसातला सातवी ‘ब’च्या बाकावर बसलेली पाहिजे, आणि तिच्या आईला तू स्वतः सांगायचंस की तिने कशावर सही केली होती. माझ्यावर काय कारवाई करायची ती कर, माझं नाव लिही, मला उभी कर, मी उभी राहीन. आणि एक गोष्ट मला खरी सांग. एका पाटीवर आपण अक्षरं काढली, तुझा कित्ता मी गिरवून द्यायचे आणि तू माझी गणितं करायचीस. त्या दिवशी साहेबांच्या शेजारी उभी राहून तू त्या शेवटच्या ओळीकडे फार वेळ बघत होतीस. माझं अक्षर तुला ओळखू आलं नाही, की आलं, आणि मला वाचवायला, नाहीतर स्वतःला वाचवायला, तू त्या पोरीला पुढे केलंस? हे पत्र मी चहाच्या बशीखाली ठेवतेय. शुक्रवारी पाचची शेवटची घंटा मी देईन, त्याच्या आत मला उत्तर पाहिजे. नाही आलं, तर शनिवारी मुक्ताची आई गेटातून आत येईल तेव्हा मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी असेन, तीच ओळ त्याच अक्षरात सगळ्यांसमोर पुन्हा लिहीन, आणि तिच्याखाली माझं नाव. शुक्रवार, पाच वाजता. उशीर करू नकोस.

तुझीच,
मथुरा